बर्फातले निनावी चेहरे

'कडाक्याची थंडी' हे शब्द आपण मराठी माणसे फार उधळेपणाने वापरतो. पुण्यात पारा दहाच्या खाली घसरला की वर्तमानपत्रांत हा मथळा झळकतो, पेटीच्या तळाशी गेलेल्या कानटोप्या वर येतात आणि रोज पहाटे टेकडीवर जाणारी मंडळी रजईतल्या रजईत टेकडी चढून उतरतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कॅनडाची राजधानी ओटावा येथे उतरलो तेव्हा बाहेर शून्याखाली २२ अंश होते. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच नाकातला ओलावा गोठला आणि आत बारीक टाचण्या टोचल्यासारखे झाले. मला न्यायला आलेला आमचा दादा, म्हणजे माझा थोरला मामेभाऊ, माझी अवस्था पाहून म्हणाला, "नशीबवान आहेस. कालच्यापेक्षा आज बरीच ऊब आहे."

ओटावाची संसद, तिचा मनोरा, नदीपलीकडे दिसणारे फ्रेंच भाषेचे क्यूबेक, यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. मी त्यांत भर घालत नाही. पण तिथल्या कालव्याविषयी मात्र दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. रिडो नावाचा हा कालवा शहराच्या मधून वाहतो. अमेरिकेशी पुन्हा युद्ध पेटले तर फौजेला सुरक्षित जलमार्ग असावा म्हणून इंग्रजांनी तो १८२६ ते १८३२ या काळात बांधला. युद्ध काही पेटले नाही. आता हिवाळ्यात त्याचे पाणी गोठते आणि शहराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटर लांबीचा गुळगुळीत रस्ता तयार होतो. पात्यांचे बूट बांधून त्यावर आबालवृद्ध घसरत असतात. पाठीला दप्तर लावलेली पोरे, हातात हात घालून चाललेली म्हातारी जोडपी, आणि बाबागाडी ढकलीत घसरणाऱ्या आयासुद्धा मी पाहिल्या. १९७१ सालापासून दर हिवाळ्यात हा रस्ता उघडत आला होता. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मात्र बर्फ पुरेसे धरलेच नाही आणि तो मुळीच उघडला नाही. आपल्याकडे म्हातारी माणसे बहात्तरच्या दुष्काळाविषयी जशी बोलतात, तसे ओटावाचे लोक त्या हिवाळ्याविषयी बोलतात.

दादाला छायाचित्रणाचा नाद आहे. तिथल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाचा तो जुना सभासद. ही मंडळी हिवाळ्यात घरात बसत नाहीत. उलट, हिवाळा हाच त्यांचा हंगाम. सूर्य दिवसभर क्षितिजाजवळून हिंडत असल्यामुळे सावल्या लांब पडतात आणि भर दुपारीही आपल्याकडच्या सकाळसारखा तिरपा, सोनेरी उजेड मिळतो. एका शनिवारी मलाही त्यांनी गुडघाभर बर्फातून रानात नेले. तिथे मला बऱ्याच गोष्टींचे ज्ञान झाले. थंडीत बॅटरी पाहता पाहता मरते, म्हणून जादा बॅटरी छातीजवळच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. बाहेरून आल्यावर कॅमेरा एकदम उबदार खोलीत न्यायचा नाही, नाहीतर त्याला आतून-बाहेरून घाम फुटतो. आधी तो पिशवीत घट्ट बांधायचा. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही की, बर्फाचा फोटो काढताना कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. समोर सगळे पांढरेशुभ्र पाहून त्या यंत्राला वाटते, उजेड फारच झाला. ते तो कमी करते आणि बर्फ राखेसारखे करडे येते. पांढऱ्याला पांढरे दाखवायचे तर यंत्राच्या मताविरुद्ध जाऊन उजेड वाढवावा लागतो.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. खिडकीच्या काचेवर उमटलेली हिमाची पाने, ओसाड शेतातले लाल कोठार, बर्चची पांढरी झाडे, गोठलेला धबधबा... एकाहून एक सरस चित्रे पडद्यावर येत होती आणि प्रत्येकाला टाळ्या मिळत होत्या. मीही वाजवल्या. परंतु दोन तास ती पाहून झाल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. त्या हिवाळ्यात माणूस कुठे दिसेना. घरी परतताना मी दादाला तसे म्हटले. तो गाडी चालवता चालवता बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, आम्ही सगळे इथे पाहुणेच. मी वीस वर्षांचा पाहुणा, ते दोनशे वर्षांचे. पाहुण्याला हिवाळ्यात देखावा दिसतो. ज्यांचं घरच हिवाळ्यात आहे त्यांचे फोटो उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर त्याने कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आणि अभिलेखागाराचा छायाचित्रसंग्रह संगणकावर उघडला.

आपण शाळेच्या भूगोलात ज्यांना 'एस्किमो' म्हणून शिकलो, ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. इनुइट म्हणजे 'माणसे'. एकटा असेल तर 'इनुक'. एस्किमो हे दुसऱ्यांनी ठेवलेले नाव आणि ते कॅनडात आता कोणी भला माणूस वापरीत नाही. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या उत्तरेला त्यांचा नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. नुनावुत म्हणजे 'आमची भूमी'. आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ सात पट आणि वस्ती म्हणाल तर चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी! दक्षिणेकडून तिथे जायला रस्ता नाही. विमान, किंवा उन्हाळ्यातले चार दिवस जहाज.

त्या प्रदेशातली शेकडो जुनी छायाचित्रे आमच्यासमोर एकामागून एक येत होती. पाठीवरच्या टोपडीत मूल घेतलेली स्त्री. बर्फाच्या घरात दगडी दिव्यापाशी बसलेली आजी. कुत्र्यांच्या गाडीजवळ उभा असलेला, डोळे बारीक केलेला शिकारी. चेहरे इतके जिवंत की आता बोलतील असे वाटावे. आणि खाली मूळ मथळे काय? 'एस्किमो स्त्री व मूल', 'एस्किमो वृद्धा', 'देशी माणसांचा गट'. काढणाऱ्याचे नाव आहे, तारीख आहे, कधीकधी जहाजाचेही नाव आहे. चेहऱ्याला मात्र नाव नाही.

यात केवळ निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इनुकचीच गोष्ट पाहा. रॉबर्ट फ्लॅहर्टी याने १९२२ साली 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा बोलपट नव्हे, मूकपट काढला. बोधपटांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. जगभर लोकांनी त्या हसऱ्या नानूकवर प्रेम केले. पण त्या माणसाचे नाव नानूक नव्हतेच. नानूक म्हणजे पांढरे अस्वल. पडद्यावर शोभेल म्हणून ते नाव दिले. त्याचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक. ते उच्चारायला जड आहे हे कबूल, पण आपल्याकडच्या एखाद्या थोर नटाला परदेशात 'टायगर' म्हणून दाखवले असते, तर आपण काय म्हटले असते?

सरकारला ही नावे याहून जड गेली. इनुइटांत आडनाव नसे. एकेकाचे नाव मिशनरी एक प्रकारे लिही, व्यापारी दुसऱ्या, डॉक्टर तिसऱ्या. शेवटी १९४१ च्या जनगणनेपासून एक सोपी युक्ती निघाली. प्रत्येक इनुकला, तान्ह्या पोरालासुद्धा, नाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक बिल्ला देण्यात आला. तो दोरीने गळ्यात बांधायचा किंवा कपड्याला शिवायचा. त्यावर एक आकडा. पूर्वेकडच्यांना 'ई', पश्चिमेकडच्यांना 'डब्ल्यू'. सरकारदरबारी माणूस म्हणजे तो आकडा. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक हा इनुक पुढारी गावोगाव, घरोघर हिंडला, त्याने लोकांना आडनावे निवडायला लावली आणि मग हळूहळू हे बिल्ले मागे पडले. ल्युसी इडलाउट या इनुइट गायिकेच्या एका गीतसंग्रहाचे नावच 'ई-५-७७०, माय मदर्स नेम' असे आहे. माझ्या आईचे नाव, ई-५-७७०.

बिल्ल्याचा हा अपमान किती खोल होता हे समजायला इनुइटांच्या घरात नावाला काय अर्थ आहे ते पाहिले पाहिजे. घरातले किंवा ओळखीतले कोणी वारले की त्यानंतर जन्मलेल्या मुलाला ते नाव देतात. मुलगा असो वा मुलगी, नावाला लिंग नाही. आजोबांचे नाव नातीला खुशाल मिळते. आणि नाव मिळाले की नातेही मिळते. आपल्या वडिलांचे नाव ज्याला दिले त्या तान्ह्या पोराला आई 'बाबा' म्हणून हाक मारते. मला ही हकीकत वाचताना हसू आले आणि आपल्या घरांची आठवण झाली. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवीत. पण सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्या गोविंदाचा जन्मभर 'बाळ' होऊन जाई. पंचाहत्तर वर्षांचे 'बाळ' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपण आदरापोटी नाव झाकले, ते लोक आदरापोटीच ते पुन्हा पुन्हा उच्चारतात.

तेव्हा छायाचित्राखाली नाव नसणे म्हणजे तिकडे काय होत असेल? ज्या आजीचे नाव एखादी मुलगी आज धारण करते आहे, तिचा एकुलता एक फोटो हजार मैलांवरच्या कपाटात 'एस्किमो वृद्धा' म्हणून पडून आहे, आणि मुलीला त्याचा पत्ता नाही.

दादाने रिचर्ड हॅरिंग्टन याची छायाचित्रे उघडली तेव्हा वहिनी हातातले विणकाम ठेवून आमच्याजवळ येऊन बसली. हॅरिंग्टन मूळचा जर्मनीचा, स्थायिक झालेला कॅनडात. कुत्र्यांच्या गाडीतून त्याने उत्तरेकडे अनेक सफरी केल्या. १९५० च्या हिवाळ्यात तो पॅडलेई या भागात पोहोचला. हडसन उपसागराच्या पश्चिमेचा हा ओसाड मुलूख. तिथले इनुइट समुद्रावर नव्हे, तर कॅरिबू नावाच्या रानहरणांच्या कळपांवर जगत. त्या वर्षी कळप त्यांच्या वाटेने आलेच नाहीत. हरीण नाही म्हणजे अन्न नाही, पांघरूण नाही, दिव्याला चरबी नाही. उपाशी कुत्री मेली, म्हणून शिकारीला दूर जाता येईना. हॅरिंग्टन एकेका बर्फाच्या घरात वाकून शिरत होता आणि आतल्या अंधारात, थंडीत बसलेल्या माणसांना टिपत होता. आपल्याकडे दुष्काळाची छायाचित्रे आपण पाहिलेली आहेत. परंतु पांढऱ्याशुभ्र बर्फातला दुष्काळ मी प्रथमच पाहिला. त्यांतल्या एका चित्रात मरणाच्या दारी टेकलेली एक स्त्री आहे आणि तिच्या अंगावर तो सरकारी बिल्ला आहे. छायाचित्रकाराने मुद्दाम त्या बिल्ल्याची नोंद केली आहे. वहिनी म्हणाली, "आकडा द्यायला आले होते ना? मग धान्य द्यायला का नाही आले?" दादा काही बोलला नाही. मीही नाही.

ही छायाचित्रे दक्षिणेतल्या कॅनडाने पाहिली आणि उत्तरेत काय चालले आहे ते शहरी लोकांना प्रथमच कळले, हे श्रेय हॅरिंग्टनला दिलेच पाहिजे. त्याने काही जणांची नावे टिपलीही होती. पुष्कळांची राहिली.

त्या राहिलेल्या नावांच्या शोधाची हकीकत मात्र ओटावातच सुरू होते. नुनावुतच्या तरुण मुलामुलींसाठी शहरात 'नुनावुत सिवुनिक्सावुत' नावाची एक शिक्षणसंस्था १९८५ पासून चालते. शाळा संपवून ही मुले घरापासून दोन हजार किलोमीटर दूर येतात आणि आपलाच इतिहास, आपलीच भाषा, आपल्या भूमीचे करारमदार शिकतात. या संस्थेने, नुनावुत सरकारने आणि अभिलेखागाराने मिळून २००२ च्या सुमारास 'प्रोजेक्ट नेमिंग' सुरू केले. आपण त्याला 'नामशोध' म्हणू. पहिल्या खेपेला हॅरिंग्टनची सुमारे पाचशे छायाचित्रे संगणकावर चढवली आणि तरुण मुले लॅपटॉप काखोटीला मारून गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी गेली. चहा झाला, पडदा उघडला आणि पन्नास वर्षांपूर्वीचे चेहरे समोर आले. पाचशेपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रांतली माणसे ओळखली गेली.

हा आकडा मला फार मोठा वाटतो. तुमच्या-माझ्या आजोबांच्या लग्नातला फोटो काढून पाहा, आणि त्यांतल्या किती जणांना ओळखणारे आज घरात उरले आहे ते मोजा.

या कामाला घाई होती आणि आजही आहे. ओळखणारी माणसे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली. दर हिवाळ्यात त्यांतली काही कमी होतात. जो चेहरा ओळखणारा शेवटचा माणूस गेला, तो चेहरा मग कायमचा 'एस्किमो' राहणार. म्हणून पुढे वृत्तपत्रातूनही छायाचित्रे छापली गेली, दहा हजारांवर चित्रे लोकांसाठी खुली झाली आणि कित्येक हजार माणसे, जागा, प्रसंग ओळखले गेले. २०१५ पासून कॅनडातल्या इतर आदिवासी समाजांची छायाचित्रेही या कामात घेतली आहेत. बाहेर उणे तीस असताना आत एखादी आजी पडद्यावर बोट ठेवून म्हणते, ही अमकीची मुलगी, हा तमक्याचा मावसभाऊ, आणि या मागच्या कुत्र्याचे नावसुद्धा मला ठाऊक आहे! विद्यापीठातले आमचे संशोधन पुष्कळ झाले. असे संशोधन विरळा.

आणि ते हिवाळ्यात शोभते. आमच्याप्रमाणेच इनुइटांचेही सहा ऋतू आहेत. हिवाळा तो उकिउक, मग वसंताची चाहूल ती उपिर्ङ्गाक्साक, वसंत उपिर्ङ्गाक, उन्हाळा औयाक, शरदाची चाहूल उकिआक्साक आणि शरद उकिआक. वसंतात नि उन्हाळ्यात माणसे तंबू घेऊन रानात, किनाऱ्यावर जातात; घरी कोण सापडणार? बसून बोलायचे ते उकिउकमध्ये. ग्रीनलंडच्या इनुइट भाषेत तर हिवाळा आणि वर्ष या दोन्हींना एकच शब्द आहे, उकिओक. आपण नाही का म्हणत, 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत'? ज्याला जो ऋतू जड, त्यानेच तो आयुष्य मोजतो. (आणि जाता जाता एक सांगतो. आपल्या बाराखडीत 'ङ' बिचारा केवळ रांग भरण्यासाठी बसवून ठेवला आहे. इनुइटांच्या तोंडी मात्र तो रोज असतो. ङ वापरायला मिळावा म्हणून तरी मराठीच्या प्राध्यापकाने एकदा तिकडे जायला हवे.)

अगदी उत्तरेला, इग्लूलिक गावी, हिवाळ्यात सूर्य आठवडेच्या आठवडे उगवत नाही आणि जानेवारीच्या मध्याला परत येतो. पूर्वी तिथे तो पहिल्यांदा दिसला की घरोघरचे दगडी दिवे, त्यांना कुल्लिक म्हणतात, मुले विझवून टाकीत आणि मग एकाच नव्या ज्योतीवरून सगळे पुन्हा पेटवीत. सीलच्या तेलाचे, शेवाळाच्या वातीचे हे दिवे. सांभाळायचे बाईने, आणि दिवा सांभाळता येणे हेच गृहिणीचे भूषण. आपण अमावास्येला दिवे लावतो, ते सूर्य आला की आधी विझवीत. दिवाळी तीच, टोक दुसरे.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे वळतो. त्याचे नाव पीटर पिट्सिओलाक. जन्म १९०२, मृत्यू १९७३. बॅफिन बेटाच्या नैऋत्य टोकाला किंगाइट नावाचे गाव आहे. नकाशावर ते पुष्कळ वर्षे 'केप डॉर्सेट' होते, २०२० साली गावाने आपले मूळ नाव परत घेतले. पिट्सिओलाक त्या भागातला. फ्लॅहर्टीला त्याने पोरवयात पाहिले होते. पण कॅमेरा हातात आला तो १९३० नंतर, आणि तोही कसा! कोणी एक गोरा पाहुणा अस्वलाचा फोटो काढायला निघाला होता. अस्वल दिसले, पण जवळ जायची साहेबाची छाती होईना. त्याने कॅमेरा पिट्सिओलाकच्या हातात दिला. इनुइटांच्या छायाचित्रणाचा एक मोठा अध्याय असा एका माणसाच्या भित्रेपणातून सुरू झाला.

पुढे १९४० नंतर एका मिशनऱ्याकडून त्याला स्वतःसाठी कॅमेरा मिळाला. आता विचार करा. अंधारखोली नाही, नळ नाही, वीज नाही. त्याने शिकारीच्या मुक्कामावर, बर्फाच्या घरात फिल्म धुतली. पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. तांबडा दिवा म्हणजे विजेरीवर गुंडाळलेले लाल फडके. भिंगाला रंगीत काच हवी, तर जुन्या गॉगलची काच. त्याची पत्नी आग्गिओक या सगळ्यात बरोबरीने राबे. कडक थंडीत फिल्म ठिसूळ होते, भराभर गुंडाळली तर तुटते. माणसाचा श्वास भिंगावर पडला की तिथेच गोठतो. ज्या दादाच्या मंडळींनी मला बॅटरी छातीशी धरायला शिकवले, ती त्यांच्या मोटारींतून रानाच्या कडेपर्यंत जातात. पिट्सिओलाकने हा उद्योग शिकार सांभाळून केला.

आणि त्याच्या चित्रांत काय आहे? त्याचे शेजारी, त्याची मुले, सीलचे कातडे ताणणाऱ्या बायका, बंदरात आलेले जहाज, थट्टा करून हसणारे दोस्त. जुने जीवन आपल्या डोळ्यांदेखत सरते आहे हे त्याला स्पष्ट कळत होते, म्हणून काही वेळा त्याने जुन्या पद्धतीचे कपडे घालायला लावूनही माणसे उभी केली. पण तिथेही ती 'नमुना' म्हणून उभी नाहीत. आपल्याच माणसाने फोटो काढला की डोळ्यांत जे येते ते त्यांच्या डोळ्यांत आहे. त्याच्या मागे निगेटिव्हचा मोठा साठा राहिला, तो कॅनडाच्या संग्रहालयांत जपलेला आहे. नातू जिमी मॅनिंग हाही छायाचित्रकार झाला.

पिट्सिओलाक नुसता छायाचित्रकार नव्हता. तो रोजनिशी लिही, आठवणी लिही, आणि त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९७५ साली 'पीपल फ्रॉम अवर साइड' या नावाने निघाले. 'आपल्याकडची माणसे'! ते लिहिले त्याने स्वतःच्या लिपीत, आणि या लिपीपाशी मी थबकलो. १८४० साली जेम्स इव्हान्स या पाद्र्याने क्री लोकांसाठी ती तयार केली. पुढे ती इनुइटांकडे आली. तिच्यात व्यंजनाला एक आकृती, आणि स्वर बदलला की ती आकृतीच फिरते. वर तोंड केले की एक स्वर, उजवीकडे केले की दुसरा. आपण काना, मात्रा, वेलांटी लावतो, ते अक्षरालाच वळवतात. इव्हान्सने ती रचताना लघुलेखनाबरोबर देवनागरीचाही आधार घेतला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे बर्फाच्या घरात, दगडी दिव्याच्या उजेडात, एक इनुक आपल्या माणसांची नावे लिहीत होता ती आपल्या बाळबोध लिपीच्या एका दूरच्या भाचीत! भाषेच्या माणसाला याहून मोठी दक्षिणा कोणती?

असा पिट्सिओलाक एकटाच नव्हता. कॅनडाच्या पार पश्चिमेला, यूकॉनमधल्या टेस्लिन गावी, ट्लिंगिट समाजाचा जॉर्ज जॉन्स्टन त्याच्याही आधीपासून आपल्या लोकांचे फोटो काढीत होता. हा गृहस्थ भलताच वल्ली. त्याने १९२८ साली शेवरोले मोटार विकत घेतली आणि बोटीवर चढवून गावी आणली. गावात रस्ता नव्हता! मग थोडा त्याने स्वतः केला, आणि हिवाळ्यात गोठलेले सरोवर होतेच. शिकारीला जाताना बर्फात दिसू नये म्हणून हिवाळ्यात तो ती मोटार पांढरी रंगवी आणि उन्हाळा आला की पुन्हा काळी. गावात आज त्याच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे.

आणि खुद्द ओटावात आजही हे काम चालू आहे. बॅरी पॉटल हा इनुक छायाचित्रकार लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचा, राहतो राजधानीत. त्याने ते जुने सरकारी बिल्ले एकेक करून मोठ्या आकारात टिपले. दोरा, झिजलेली कड, आकडा, सगळे स्वच्छ. आणि त्यांच्याबरोबर ज्यांना ते मिळाले होते अशा माणसांचे चेहरे. बिल्ल्यावरून माणूस शोधायचा नाही, माणसाशेजारी बिल्ला ठेवायचा. मला तर ही मांडणी एखाद्या लांबलचक प्रबंधाहून अधिक बोलकी वाटली.

हे सगळे पाहताना परदेशाच्या नावाने बोटे मोडायला मी मोकळा आहे असे नाही. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यांतली साडेचारशेवर छायाचित्रे आपलीच आहेत. जात, जमात, प्रांत, स्वभाव, सगळे लिहिलेले. बहुतेकांचे नाव नाही. त्याच्याही आधी विल्यम जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. माणसे एकीकडे टिपायची, देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही चिकटवायचे. ती माणसे गिरगावात, भुलेश्वरात कोणाची तरी पणजोबा-पणजी होती. ते साहेबांनी केले असे म्हणावे, तर आपल्या माळ्यावरच्या पेटीत तरी काय आहे?

हे मी दादाजवळ बोललो मात्र, वहिनी उठली आणि आतून एक जाड पुठ्ठ्याचा फोटो घेऊन आली. लग्न होऊन परदेशी येताना तिने तो सांगलीहून आणला होता. वाड्याच्या पायऱ्यांवर पाच बायका, नऊवारी नेसलेल्या. मागे काही लिहिलेले नाही. तीन तिला ठाऊक होत्या. चौथीची नि पाचवीची वाट लागेना.

ओटावात रात्रीचे नऊ म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसात. वहिनीने फोटोचा फोटो काढून पाठवला आणि आत्याबाईंना फोन लावला. त्या नव्वदीकडे झुकलेल्या, कान तिखट, डोळा एक बरा. नातवाने त्यांच्यापुढे फोन धरला असावा. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. मग त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "अगं, ही चौथी आपल्याकडची नव्हेच! ही पलीकडच्या वाड्यातली कृष्णाकाकू. विरजण मागायला आली होती. फोटोवाला आलेला दिसला, उभी राहिली. हातात वाटी आहे बघ."

खरोखरच वाटी होती. इतकी वर्षे ती पदराची घडी म्हणून चालली होती.

"आणि पाचवी, आत्याबाई?"

पुन्हा खुडबुड. "ओठांवर आहे गं नाव. देवपूजा आटोपू दे, आठवेल. तासाभरानं कर फोन."

दादाने संगणक बंद केला. बाहेर बर्फ पडू लागले होते. मी निजायला गेलो तेव्हा वहिनी तो फोटो मांडीवर घेऊन, घड्याळाकडे पाहत बसली होती.